किबला पूर्वेला असलेलं शहर

सुट्टीत कुठे जायचं हा विषय आपल्या घरांत निघाला की उत्तरं ठरलेली असतात. जवळ जायचं तर माथेरान, महाबळेश्वर. चार पैसे गाठीला असतील तर दुबई. नशिबात असेल तर उमरा, पण ती सुट्टी नव्हे, ती हाजिरी. कॅरिबियन बेटांची नावं आपण ऐकतो ती फक्त क्रिकेटच्या समालोचनात. तिथे एखादं शहर असेल, त्या शहरात जामा मस्जिद असेल, आणि सकाळच्या नाश्त्याला चण्याची उसळ मिळत असेल, असं कुणी सांगितलं तर पटायला वेळ लागतो.

यंदा जानेवारीत आम्ही नवरा-बायको दहा दिवस पोर्ट ऑफ स्पेनला राहून आलो. ही त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांच्या देशाची राजधानी. माझी भाची टोरंटोला असते आणि तिचं सासर मूळचं त्रिनिदादचं. तिच्या सासूबाईंच्या थोरल्या बहीण पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सेंट जेम्स भागात एकट्या राहतात. वय पंचाहत्तरच्या घरात. "हॉटेलात कशाला उतरता, माझं घर रिकामंच आहे," असा त्यांचा निरोप आला. सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणते. मी त्यांना आपा म्हणू लागले. अर्थ विचारून घेतल्यावर त्यांना ते फार आवडलं.

इथून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क किंवा मायामी अशा एखाद्या ठिकाणी बदलून जावं लागतं, आणि एक दिवसाहून जास्त वेळ प्रवासात जातो. म्हणून आठवड्यापेक्षा कमी दिवसांसाठी जाण्यात अर्थ नाही. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथे पहाटे पाचला फजरला उठावं तर इथे दुपारचे अडीच वाजलेले असतात. पहिले दोन दिवस आमची झोप मुंबईतच राहिली होती.

उन्हाची गोष्ट

पोर्ट ऑफ स्पेन विषुववृत्तापासून फक्त साडेदहा अंश उत्तरेला आहे. दिवसा पारा ३१-३२ अंशांवर, रात्री २२-२३ वर, आणि हे जवळजवळ बारा महिने. थंडी म्हणून काही नसतंच. हवेत दमटपणा एवढा की रत्नागिरी, अलिबागच्या माणसाला अगदी माहेरी आल्यासारखं वाटावं. जानेवारी ते मे कोरडा हंगाम आणि जून ते डिसेंबर पावसाचा. त्यामुळे फिरायला वर्षाचे पहिले महिने उत्तम. एक मात्र पाहून घ्यावं. फेब्रुवारीत, कधी मार्चच्या सुरुवातीला, तिथला प्रसिद्ध कार्निव्हल असतो. त्या दिवसांत सगळं शहर रस्त्यावर उतरतं. गाणंबजावणं, दारू, रात्रभर गर्दी, आणि राहण्याचे दर आभाळाला टेकलेले. ज्यांना शांतपणे राहायचं आहे त्यांनी त्याच्या आधी किंवा नंतर जावं.

उन्हाशी भांडायचं नाही हे तिथली माणसं लहानपणीच शिकतात. कामं सकाळी उरकायची, दुपारी सावली धरायची, संध्याकाळी बाहेर पडायचं. आणि बाहेर पडून काय करायचं? काही नाही. यासाठी त्यांच्याकडे एक खास शब्द आहे, लाइमिंग. ओट्यावर, कोपऱ्यावर, समुद्राकाठी चारजण जमायचे, बोलायचं, हसायचं, काही खायचं, घरी जायचं. आपल्याकडे याला टिवल्याबावल्या म्हणतात आणि नावं ठेवतात. तिथे त्याला दिवसाचा हक्काचा भाग मानतात. आमचे हे निवृत्त झाल्यापासून रिकाम्या वेळेला घाबरत होते. तिसऱ्या दिवशी ते शेजारच्या ओट्यावर आपाच्या पुतण्यांबरोबर लाइमिंगला बसले, ते मगरिबच्या वेळेलाच उठले.

मैदान, महाल आणि एक जुना कसोटी सामना

शहराच्या मधोमध क्वीन्स पार्क सव्हाना नावाचं सुमारे २६० एकरांचं मोकळं मैदान आहे. पूर्वी हा उसाचा मळा होता. १८१७ साली गव्हर्नर वुडफर्डने तो पेशिए नावाच्या कुटुंबाकडून विकत घेतला. त्या कुटुंबाचं छोटंसं कब्रस्तान आजही मैदानाच्या मध्ये भिंतीआड आहे. मैदानाभोवती साडेतीन किलोमीटरहून लांब रस्ता असून त्यावर गाड्या एकाच दिशेने फिरतात. संध्याकाळी निम्मं शहर तिथे चालायला येतं. कडेला शहाळ्यांच्या गाड्या उभ्या असतात. शहाळेवाला कोयत्याच्या तीन घावांत शहाळं उघडतो, पाणी पिऊन झालं की तेच फोडून सालाचाच चमचा करून मलई काढायला देतो. हे अगदी आपल्यासारखं.

मैदानाच्या पश्चिमेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या सात भव्य वास्तू ओळीने उभ्या आहेत. कुठे किल्ल्यासारखे बुरूज, कुठे लोखंडी नक्षीचे सज्जे. उत्तरेला १८१८ मध्ये लावलेली वनस्पती बाग आणि तिला लागून प्राणिसंग्रहालय. नातवंडं बरोबर असतील तर एक सकाळ तिथे सहज जाते.

क्रिकेटवेड्यांसाठी जवळच क्वीन्स पार्क ओव्हल आहे, मागे हिरवे डोंगर असलेलं. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. दिलीप सरदेसाईंचं शतक, सुनील गावसकरांचं पदार्पण, आणि दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी घेतलेले सोबर्स आणि लॉइड यांचे बळी. आमच्या ह्यांनी तेव्हा ते सगळं रेडिओवर ऐकलं होतं. मैदान पाहून ते म्हणाले, "मला वाटलं होतं, खूप मोठं असेल." लहानपणी ऐकलेली सगळीच ठिकाणं मोठी असतात.

दिल्ली गल्ली, लखनौ गल्ली

आपांचं घर ज्या सेंट जेम्समध्ये आहे तिथल्या रस्त्यांच्या पाट्या वाचताना पाऊल थबकतं. दिल्ली, कलकत्ता, लखनौ, पाटणा, बनारस, मद्रास आणि हो, बॉम्बे स्ट्रीटसुद्धा. नेपॉल स्ट्रीटवर नोबेल पारितोषिक मिळवलेले लेखक व्ही. एस. नायपॉल यांच्या कुटुंबाचं घर आहे. ही नावं कुणी हौसेने दिलेली नाहीत. या भागात उसाचे मळे होते आणि त्यांत राबणारी माणसं हिंदुस्थानातून आणलेली होती.

१८३८ मध्ये इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामगिरी पूर्णपणे संपली. सुटलेल्या माणसांना पुन्हा त्याच मळ्यांत राबायचं नव्हतं. मग मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर मागवले. आपल्याकडे त्यांना गिरमिटिये म्हणतात. पहिलं जहाज कलकत्त्याहून फेब्रुवारी १८४५ मध्ये निघालं आणि साडेतीन महिन्यांनी, ३० मे रोजी, पोर्ट ऑफ स्पेनसमोरच्या आखातात पोहोचलं. त्यावर सुमारे सव्वादोनशे माणसं होती. जहाजाचं नाव फतेल रझाक, मूळ अरबी फतह अल-रझ्झाक. ते मुंबईच्या इब्राहिम बिन युसुफ नावाच्या मुस्लिम व्यापाऱ्यासाठी बांधलं होतं, असं सांगितलं जातं. रझ्झाक म्हणजे रोजी देणारा. रोजीसाठीच तर माणसं त्यात चढली होती. कितीजणांना आपण नेमके कुठे चाललो आहोत हे ठाऊक असेल, अल्लाह जाणे.

१९१७ पर्यंत अशी १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं त्रिनिदादला आली. बहुतेक अवध आणि बिहारकडची. हिंदू जास्त, मुसलमान थोडे. आपल्या बाजूची माणसं मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली आणि तिथे आजही मराठी समाज आहे, पण त्रिनिदादकडे फारशी वळली नाहीत. करार पाच वर्षांचा. राहायला मळ्यातल्या बराकी. परवान्याशिवाय मळा सोडला तर तुरुंग. करार संपल्यावर काही परतले, बहुतेक राहिले. आज ३० मे ही तिथे सार्वजनिक सुट्टी आहे. ईदुल फित्रची आणि दिवाळीचीही सुट्टी साऱ्या देशाला असते. १३ लाखांच्या वर वस्तीच्या या देशात मुसलमान साधारण शंभरात पाच.

आपांकडे त्यांच्या पणजोबांच्या कागदाची नक्कल चौकट करून लावलेली आहे. त्यावर नाव, वडिलांचं नाव, जिल्हा, गाव, वय, उंची आणि अंगावरची खूण. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं. आपांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. "तुम्ही हिंदुस्थानातून आलात, तुम्हाला ओळखता येईल." मला नाही आलं. ते गाव कुठलंही असू शकत होतं. आपा एवढंच म्हणाल्या, "हरकत नाही, तुमच्या आवाजात ऐकायचं होतं."

पूर्वेकडे तोंड करून

पहिल्या रात्री आपांनी मुसल्ला अंथरून दिला तेव्हा मला वाटलं, त्यांनी उलटा घातला. मग लक्षात आलं. आपण मुंबईत, कोकणात, मराठवाड्यात जन्मभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढतो. पश्चिम म्हणजे किबला हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. इथे मक्का मागे राहिली होती. त्रिनिदादचा किबला पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. उगवतीकडे तोंड करून फजर पढताना समोरच्या खिडकीत आभाळ हळूहळू उजळत जातं. मला ते फार भावलं. दिशा बदलली, कारण आपली जागा बदलली. ज्याच्याकडे तोंड करायचं ते घर जिथल्या तिथे आहे.

जुम्म्याला आम्ही गावातल्या जामा मस्जिदीत गेलो. ती बाजाराच्या भागात, क्वीन स्ट्रीटवर आहे. या रस्त्याला आता १९७७ मध्ये विश्वसुंदरी झालेल्या तिथल्या कन्येचं, जॅनेल कमिसिओंगचं, नाव दिलं आहे. खुतबा इंग्रजीत. बायकांसाठी वेगळी जागा. सलाम फिरवल्यावर उजवीकडच्या बाईने आणि डावीकडच्या बाईने माझा हात हातात घेतला. एकीचे आजे-पणजे हिंदुस्थानी, दुसरीचे आफ्रिकेतले.

या शहरातले पहिले मुसलमान आपल्याकडचे नव्हतेच. फतेल रझाक येण्याच्या आधी इथे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले मँडिंगो मुसलमान होते. त्यांचा म्होरक्या होता जोनास मोहम्मद बाथ. या लोकांनी पैसा पैसा जमवून आपलं स्वातंत्र्य विकत घेतलं आणि मग उरलेल्या पैशांतून आपल्या भाईबंदांचं. १८३० च्या दशकात त्यांनी इंग्लंडच्या राजाकडे अर्ज केला, आम्हाला आमच्या मुलखात परत पाठवा. ते मान्य झालं नाही. मस्जिदीबाहेर उभं राहून मी विचार करत होते. जकात, सदका हे शब्द आपण किती सहज उच्चारतो. गुलाम माणसाने आपल्या कमाईतून दुसऱ्या गुलामाची मान सोडवायची, याची कल्पना तरी येते का?

पुढे हिंदुस्थानी मुसलमानांचीही वाट सोपी नव्हती. १९३० च्या दशकापर्यंत त्यांचा निकाह सरकारदरबारी लग्न म्हणून मानला जात नसे. कागदोपत्री मुलं अनौरस ठरत आणि वारसाहक्काला अडचण येई. अंजुमनं स्थापून, अर्जविनंत्या करून त्यांनी कायदा मिळवला. मस्जिदी, मदरसे, शाळा उभ्या केल्या. आणि १९८७ मध्ये त्याच समाजातले न्यायमूर्ती नूर हसनअली देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आणि बेटांवर राष्ट्रप्रमुख झालेले ते पहिले मुसलमान. रमसाठी प्रसिद्ध असलेल्या देशात दहा वर्षं राष्ट्राध्यक्षांच्या घरी त्यांनी मेजवानीत दारू ठेवली नाही. लोकांनी ते मानलं, आणि आजही त्यांचं नाव आदराने घेतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गावात वुडफर्ड चौकाजवळ लाल रंगाची संसदेची इमारत आहे, रेड हाउस. २७ जुलै १९९० रोजी, जुम्म्याच्या दिवशी, जमात अल-मुस्लिमीन नावाच्या सशस्त्र गटाने तिथे घुसून पंतप्रधानांसह अनेकांना ओलीस धरलं. सहा दिवसांनी ते शरण आले. वीसहून अधिक माणसं गेली, बाजारपेठ लुटली, जाळली गेली. आपा म्हणाल्या, "त्या आठवड्यात डोक्यावर ओढणी घेऊन बाहेर पडायची भीती वाटायची. समोरच्या ख्रिस्ती बाई रोज सकाळी फाटकाशी यायच्या आणि काय आणायचं ते विचारायच्या. मी सांगितलं नाही तरी पाव ठेवून जायच्या." काही माणसांच्या करणीचा जाब साऱ्या जमातीला द्यावा लागतो, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. अशा वेळी एक शेजारीण फाटकाशी आली तरी माणूस तरतो.

सेंट जेम्स प्रसिद्ध आहे ते होसेसाठी. होसे म्हणजे आपला मोहरम. बांबू आणि रंगीत कागदांचे उंच ताजिये, ताशांचा गजर, रात्रीच्या मिरवणुका, आणि शेवटी ताजिये समुद्राकडे. हिंदूही त्यात हात लावतात, आफ्रिकी वंशाचेही. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र नवीन नाही. १८८४ मध्ये इंग्रज सरकारने सॅन फर्नांडो गावात या मिरवणुकीवर बंदी घातली आणि न जुमानता निघालेल्या मजुरांवर गोळ्या झाडल्या. कितीतरी माणसं मेली, शंभराहून अधिक जखमी झाली. तिथल्याही अनेक मुसलमानांना होसेची रीत मान्य नाही, आपांनाही नाही. तरी त्या म्हणाल्या, "ते मारले गेले ते माझेच होते."

डबल्स, मलिदा आणि सावीन

आता खाण्याकडे वळू, कारण सुट्टीतली निम्मी आठवण पोटात असते. पोर्ट ऑफ स्पेनची सकाळ डबल्सने होते. हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या, ज्यांना तिथे बारा म्हणतात, आणि त्यावर चण्याची पातळ उसळ. वर चिंचेची चटणी, काकडी, कोथिंबिरीच्या वासाची शॅडो बेनी नावाची पानं आणि मिरची. मिरची किती हवी ते आधी सांगायचं. 'स्लाइट' म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून कागदातून खायचं. मंत्री आणि हमाल एकाच रांगेत. हा पदार्थ १९३६ मध्ये प्रिन्सेस टाउन गावी एमामूल दीन आणि त्यांची पत्नी रसूलन यांनी विकायला सुरुवात केली. आधी एकाच पुरीवर चणे मिळत. गिऱ्हाइकं 'डबल कर' म्हणू लागली आणि नाव पडलं. एका गरीब मुस्लिम जोडप्याची शेगडी आज देशाचा नाश्ता झाली आहे. हलाल रिझ्कमधली बरकत म्हणतात ती आणखी कशी असते?

रोट्या दोन प्रकारच्या. एक धालपुरी, वाटलेली डाळ भरून केलेली, म्हणजे गूळ नसलेली आपली पुरणपोळीच. दुसरी पराठ्याची, तव्यावर उलथन्यांनी चोपून चिंध्या केलेली. तिला म्हणतात 'बस्स-अप-शट', फाटक्या सदऱ्यासारखी दिसते म्हणून. वांग्याच्या भरताला चोका, जिऱ्याला गीरा, चवळीच्या शेंगांना बोडी. बटाटा आलूच. हिंदू घरांत वडिलांच्या आईला आजी म्हणतात, हे ऐकून मला भरून आलं. कोंबडी बहुतेक ठिकाणी हलाल मिळते, पण विचारून घ्यावं. लिंबाच्या सरबतात आणि इतर पेयांत अँगोस्टुरा बिटर्सचे थेंब घालायची तिथे पद्धत आहे. त्यात मद्यार्क असतो, म्हणून 'बिटर्स नको' असं आधीच सांगायचं.

जुम्म्याच्या संध्याकाळी आपांनी घरात दुआ ठेवली आणि एक पदार्थ केला. रोटी कुस्करून, तूप-साखर घालून. ताट समोर आलं आणि त्या म्हणाल्या, "मलीदा." मी म्हटलं, "मलिदा!" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मराठीत मलिदा खाणं म्हणजे काय होतं तेही मी त्यांना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. ईदला त्यांच्याकडे दुधातल्या शेवया होतात, नाव सावीन. नाव थोडं झिजलं आहे, शेवया त्याच आहेत.

समुद्र आणि लाल पक्षी

एक दिवस मराकसच्या किनाऱ्याला द्यावा. डोंगर ओलांडून जाणारा हा रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने बांधला. वळणं कुंभार्ली घाटाची आठवण करून देणारी, फक्त खाली समुद्र. वाटेत थांब्यावर 'चाव' मिळतं. अननसाच्या किंवा कैरीच्या फोडींना मीठ, लसूण, मिरची. किनाऱ्यावर तळलेल्या पावात मुशीचे तुकडे घालून देतात, त्याला बेक अँड शार्क म्हणतात. मुशी म्हटल्यावर कोकणच्या माणसाला आणखी सांगायला नको. लाटा मोठ्या असतात. जिथे रक्षकांची निशाणं लावलेली आहेत तिथेच पाण्यात उतरावं. पूर्ण कपड्यांत पाण्यात बसलेल्या बाया तिथे कुणाला नवीन नाहीत.

आणि एक संध्याकाळ करोनीच्या खाजणासाठी राखून ठेवावी. शहराच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या तासावर. चारच्या सुमारास होडी निघते, खारफुटीतून वाट काढत जाते आणि एका मोकळ्या पाण्यात थांबते. मग दिवस कलतीला लागला की लाल शराटी पक्षी थव्याथव्याने येऊन समोरच्या बेटावर उतरतात. हिरवी झाडं बघता बघता लाल होतात. हा देशाचा मानाचा पक्षी. पिल्लं करडी असतात. चिंबोऱ्या-कोळंबीसारखं खाऊन खाऊन पिसांना हा रंग चढतो, असं होडीवाल्याने सांगितलं. होडीत पंधराजण होते आणि कुणीच बोलत नव्हतं. सुबहानल्लाह एवढंच तोंडून निघालं. पलीकडच्या बाकावरूनही तेच ऐकू आलं. वळून पाहिलं तर एक तरुण आफ्रिकी जोडपं.

काय उरतं?

शेवटच्या दिवसांत आपांनी एकदा विचारलं, "तुमची नातवंडं तुमची भाषा बोलतात?"

त्यांच्या आजीला भोजपुरी येत होती. आईला समजत होती. आपांना फक्त काही शब्द आणि एक अंगाईचा सूर. मुलांना तेही नाही. अर्थ माहीत नसलेला एक शब्द त्यांनी मला विचारला. आजी रागावली की म्हणायची तो. मी अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे ती रागावत नव्हती, काळजी करत होती." सत्तर वर्षांनी त्यांना आजीचं एक वाक्य कळलं.

मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, दीन कुठल्या एका भाषेचा बांधील नाही. आपल्याला कितीदा विचारतात, मुसलमान असून मराठी कसं बोलता? कधी परके विचारतात, कधी आपलेच. त्रिनिदादचा मुसलमान उर्दूचं एक अक्षर न येता, आपल्या इंग्रजीत, पावणेदोनशे वर्षं रोजे ठेवतो आहे. कोकणातला, विदर्भातला मुसलमान मराठीतून ठेवतो, त्यात काय अडलं?

दुसरी, भाषा जाते तेव्हा एकटी जात नाही. आजीचा राग, आईची काळजी, गावाचं नाव, सगळं तिच्याबरोबर जातं. त्या लोकांकडून ती मळ्यांनी आणि शाळांनी हिरावून घेतली. आपल्याकडून कुणी हिरावत नाही, आपणच घरात ती बोलायची टाळतो. आणि जे टिकलं ते का टिकलं? नमाज, सलाम, मलिदा, शेवया, मुलांची नावं. यातलं काहीही ग्रंथालयात ठेवलेलं नव्हतं. ते रोज, दर जुम्म्याला, दर ईदला घरात केलं जात होतं. घरात जे रोज होतं तेवढंच पणतवंडांपर्यंत पोहोचतं.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिसाचे नियम निघण्याआधी पाहून घ्यावेत. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर तिथला व्हिसाही लागतो. सुती, सैल कपडे, छत्री आणि डासांसाठी मलम बरोबर असू द्या. तिथे गुन्हेगारीची तक्रार आहे. अंधार पडल्यावर गावातल्या बाजारभागात पायी फिरू नये, ओळखीच्या टॅक्सीने जावं, सोनं घरी ठेवून जावं. नळाचं पाणी विचारूनच प्यावं. कार्यक्रम गच्च ठरवू नका. दिवसाला एक ठिकाण पुरे, बाकीचा वेळ लाइमिंगला.

आणि जायला जमलं नाही तरी बिघडत नाही. या सुट्टीत घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाजवळ नातवंडांना बसवा आणि जुने शब्द विचारायला लावा. गावाचं नाव, पणजीचं नाव, मलिद्याचं प्रमाण. वहीत लिहून ठेवायला सांगा, मराठीत. या कामाला विमानाचं तिकीट लागत नाही.